अर्थिंगच्या खड्ड्यातले पाणी

जबाब
पोलीस ठाणे तेल्हारा, जि. अकोला
दि. ११ जून २००५

मी, महेजबीन गुलाम नबी शेख, वय ३१ वर्षे, व्यवसाय नोकरी (दूरध्वनी केंद्राची देखभाल), राहणार जुने शहर, अकोला, आज रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर आई हलीमाबी हिच्यासोबत राहते. वडील हयात नाहीत. तेल्हारा तालुक्यातील तीन खेड्यांची दूरध्वनी केंद्रे माझ्याकडे आहेत. त्यापैकी मौजे सावरखारी येथील केंद्र दि. २७ मे रोजी दुपारी वीज पडून जळाले. तेथील चौकीदार वामनराव खोटरे, वय अंदाजे ५५ वर्षे, हे त्यात जखमी झाले. केंद्राच्या नुकसानीबाबत गावातील दुर्गाबाई खोटरे व इतर बाया यांच्याविरुद्ध तक्रार द्यावी म्हणून माझ्या कार्यालयाने मला इथे पाठवले आहे. दुर्गाबाई या वामनराव यांच्या पत्नी आहेत. मला जे माहीत आहे ते मी सांगते. तक्रार कोणाविरुद्ध होते ते त्यावरून ठरवावे.

सदर केंद्र गावाबाहेर पांधणीच्या, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेच्या, तोंडाशी आहे. दोन खोल्यांची स्लॅबची इमारत आहे. पुढच्या खोलीत टेबल व एक फोन, मागच्या खोलीत मशीन व बॅटऱ्या. पाठीमागे लोखंडी मनोरा आहे. आवाराला भिंत असून लोखंडी गेट आहे. सावरखारी व भोवतालच्या चार गावांचे फोन याच मशीनवर चालतात. मोबाईलची रेंज तिकडे येत नाही. मागच्या हंगामात तेल्हाऱ्याच्या दवाखान्यातून तातडीने गाडी मागवण्यासाठी या गावांतून अनेकदा फोन गेले. कोणी शेतात काय पिऊन घेतले होते ते याच ठाण्याच्या दप्तरी असल्याने मी सांगत नाही.

हवालदार साहेबांनी विजेबाबत विचारल्यावरून सांगते की, मनोरा त्या भागात सगळ्यात उंच असल्याने वीज पडायची असेल तर ती त्यावर पडते. ती पडूच नये असा उपाय नाही. तिला जमिनीत जायला वाट करून देणे एवढेच करता येते. त्यासाठी मनोऱ्याच्या टोकावर सळई बसवलेली असते. तिच्यापासून तांब्याची पट्टी खाली येते आणि जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला जोडलेली असते. पत्र्याभोवती खड्ड्यात मीठ व कोळसा भरतात. याला अर्थिंग म्हणतात. सावरखारीत हा खड्डा गेटच्या आत, भिंतीला लागून आहे. खड्डा ओला असला की वीज त्या वाटेने निमूट जाते. खड्डा कोरडा असला की ती वाट सोडते, आणि फोनच्या तारा, मशीन, लोखंड, माणूस, जे जवळ सापडेल त्यातून जाते. आताच्या मशीनमधली कार्डे फार नाजूक असतात. जुन्या यंत्रांना ज्याचे काही वाटत नसे तेवढ्या झटक्याने ती निकामी होतात.

सावरखारीची जमीन काळी व भारी आहे. पावसाळ्यात अशा जमिनीत अर्थिंग उत्तम राहते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि माती पत्र्याला सोडून देते. यंदा मार्चमध्येच मी अर्थिंगचा अडथळा मोजणारा मीटर लावून पाहिले तेव्हा काटा मर्यादेच्या पार पलीकडे गेला होता. म्हणून मी वामनराव यांना रोज सकाळी दोन बादल्या पाणी खड्ड्यात टाकायला सांगितले.

गाव खारपाणपट्ट्यातले आहे. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. पिण्यासाठी टँकर येतो. तो केंद्राच्या गेटसमोरच्या मोकळ्या जागेत उभा राहतो. त्याच जागेच्या कडेला एक विहीर आहे, तिला खारी विहीर म्हणतात. मी वामनराव यांना पाणी त्या विहिरीचे घ्यायला सांगितले होते. खाऱ्या पाण्यातून वीज चांगली जाते, त्यामुळे अर्थिंगला ते उलट बरे. ते पाणी कोणाला नको असेल असे मला वाटले होते.

एप्रिल महिन्यात वामनराव यांचा फोन आला. "मॅडम, पाणी टाकणं बंद झालं," असे ते म्हणाले. कोणी बंद केले असे विचारता, "घरच्याईनं," असे त्यांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी सावरखारीला गेले. खड्ड्याच्या झाकणावर मसाला वाटायचा दगडी पाटा ठेवलेला होता. भोवती दुर्गाबाई व आठ-दहा बाया उभ्या होत्या. वामनराव रिकामी बादली घेऊन बाजूला उभे होते. मी दुर्गाबाईंना तेव्हा प्रथम पाहिले. त्या म्हणाल्या, "इथं माणसाले पाणी नाई अन् तुमी मातीले पाजून राहिल्या."

मी सांगितले की हे पिण्याचे पाणी नाही, खारे आहे.

"मले सांगता खारं हाये म्हणून? जन्म गेला इथं," दुर्गाबाई म्हणाल्या. "पेत नाई आमी ते. भांडे घासतो, धुणं धुतो, म्हशी धुतो. विहिरीत आता गाळ लागून राहिला. आमी पाळ्या लावल्या हायेत. ह्याईची पाळी कोणं लावली?"

मी विजेबद्दल आत्ता वर सांगितले तेवढे सगळे त्यांना सांगितले. दुर्गाबाईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतले. नंतर त्यांनी विचारले, "मंग तुमाले चांगलं पाणी पाहिजे का नुसती ओल पाहिजे?"

मी म्हणाले, "ओल पाहिजे."

"खरकटं चालीन?"

मी थोडा विचार केला आणि चालेल असे सांगितले. राखेचे पाणी असेल तर आणखी बरे, असेही सांगितले.

"मंग आमी भांडे इथंच घासतो. पाणी आमचं, ओल तुमची," असे म्हणून त्यांनी वामनराव यांना पाटा उचलायला सांगितले. वामनराव यांनी तो उचलला.

त्या दिवसापासून बाया सकाळी आपल्या पाळीचे पाणी घेऊन केंद्राच्या आवारात येत व खड्ड्याशेजारी बसून भांडी घासत. वामनराव यांनी झाकण काढून तिथे दगड रचून दिले, म्हणजे पाणी वाहून बाहेर न जाता आत मुरावे. महिनाअखेर मी मीटर लावला तेव्हा काटा ऐन पावसाळ्यात असतो तिथे आला होता. माझ्याकडच्या दुसऱ्या दोन केंद्रांत इतके चांगले अर्थिंग तेव्हा नव्हते. मी दुर्गाबाईंना बोलावून तो काटा दाखवला. त्यांनी पाहिला, "बरं," म्हणाल्या आणि जाऊन पुन्हा कढई घासायला बसल्या.

मी सावरखारीला गेले की दुर्गाबाई घरून चहा आणत. तो टँकरच्या पाण्याचा असे. मी एकदा नको म्हटले, तेव्हा "तुमाले पाजलं त काई आमी तहानेनं मरत नाई," असे त्या म्हणाल्या. त्यानंतर मी नको म्हटले नाही.

मे महिन्याच्या मध्यावर आमचे वरिष्ठ अधिकारी श्री. ओमप्रकाश राठी हे अकोल्याहून पाहणीसाठी आले. मी सोबत होते. सकाळची वेळ असल्याने आवारात बाया भांडी घासत होत्या. राठी साहेबांनी गेटमध्येच थांबून मला विचारले, "हे काय आहे?"

मी "अर्थिंग" असे उत्तर दिले.

राठी साहेब चिडले नाहीत, हे मी नमूद करू इच्छिते. त्यांनी माझे सगळे ऐकले, मीटरचा काटाही पाहिला. परंतु मशीन असलेल्या आवारात बाहेरच्या माणसाला येऊ देता येत नाही, असा नियम त्यांनी सांगितला. "उद्या कोणी ही पट्टी कापून नेली तर जबाबदार कोण?" असे ते म्हणाले. यंदा दोन ठिकाणी तांब्याच्या पट्ट्या चोरीला गेलेल्या आहेत, त्यामुळे त्यांची भीती खोटी नव्हती. खड्ड्यासाठी पाणी कुठून आणायचे असे मी विचारले. त्यांनी कार्यालयाकडे मागणी करायला सांगितले. मागणी मी त्याच दिवशी केली. पाणी २७ मेपर्यंत आलेले नव्हते. आजही आलेले नाही.

राठी साहेबांच्या समक्ष वामनराव यांनी बायांना बाहेर जायला सांगितले. दुर्गाबाईंचे हात राखेने भरलेले होते. अर्धी घासलेली भांडी तशीच टोपलीत भरून त्या गेल्या. वामनराव यांनी गेटला कुलूप लावले व किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. गेट यापुढे कायम बंद ठेवायचे, असे राठी साहेबांनी त्यांना सांगितले. "हो साहेब," असे ते म्हणाले.

त्यानंतर वामनराव स्वतःच्या आंघोळीचे पाणी घमेल्यात धरून रोज खड्ड्यात आणून टाकत होते. हे मला त्यांनी सांगितले नव्हते. गावचे पोलीस पाटील खुशालराव यांच्याकडून नंतर कळले. एका माणसाच्या आंघोळीच्या पाण्याने तो खड्डा ओला राहणे शक्य नव्हते. घरात नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते, असेही खुशालराव यांनी सांगितले.

दि. २७ मे रोजी मी सकाळीच सावरखारीला पोचले. मीटर लावला तेव्हा काटा पुन्हा मार्चच्या जागी गेलेला होता. दुपारी टँकर आला व बाया रांगेत लागल्या. ऊन कडक होते. टँकर पाणी देत असतानाच पश्चिमेकडून आभाळ काळे झाले व धुळीचा वारा सुटला. अर्थिंगचा भरवसा नसेल तर गावांकडे जाणाऱ्या तारा मशीनपासून सोडवून ठेवणे एवढाच उपाय राहतो. मी मागच्या खोलीत जाऊन तारा काढायला सुरुवात केली.

गडगडाट सुरू झाल्यावर वामनराव दारात आले. "मॅडम, बाया मोकळ्यात हायेत. गेट उघडू काय?" असे त्यांनी विचारले.

मी "उघडा" असे सांगितले. नियम मला माहीत होता व वामनराव यांनाही माहीत होता.

त्यांनी गेट उघडले. बाया पळत आल्या. भांडी धातूची असल्याने ती बाहेर व्हरांड्यात ठेवायला मी सांगितले, ती त्यांनी ठेवली. सगळ्या जणी पुढच्या खोलीत मावल्या. टँकरचा चालक श्याम याला मी केबिनमध्येच काच लावून बसायला ओरडून सांगितले. तो बसला. मी परत तारा काढायला गेले. मधले दार उघडे असल्याने मला पुढच्या खोलीतले दिसत व ऐकू येत होते.

वाऱ्याने गेटचे पल्ले आपटत होते. वामनराव उठले. दुर्गाबाई त्यांना म्हणाल्या, "राहू द्या ना ते."

वामनराव म्हणाले, "साहेबाईनं बंद ठेव म्हणून सांगतलं हाये."

गेटला कुलूप लागले त्या दिवसानंतर दोघे एकमेकांशी बोलले ते मी एवढेच ऐकले. वामनराव बाहेर गेले.

वीज पडली तेव्हा उजेड व आवाज यांत अंतर नव्हते. मला काही वेळ ऐकू येत नव्हते. मशीनच्या कपाटातून ठिणग्या निघाल्या व धूर झाला. मी अर्ध्याहून जास्त तारा काढल्या होत्या. उरलेल्यांमधून जी आली ती पुरेशी होती. मी बॅटरीचा मुख्य खटका पाडला व बादलीतली वाळू पेटलेल्या वायरींवर टाकली. आग विझली. हे करत असताना मला ऐकू येऊ लागले आणि दुर्गाबाईंची हाक ऐकू आली. त्यांनी नवऱ्याला नाव घेऊन हाक मारली होती. मी त्यांना त्याआधी किंवा त्यानंतर कधी नवऱ्याचे नाव घेताना ऐकलेले नाही.

मी बाहेर आले. वामनराव गेटपासून काही अंतरावर उताणे पडले होते. गेटची कडी ज्या हाताने धरली होती त्याचा तळवा काळा पडला होता. पायातल्या चपला गेटपाशीच होत्या. विजेला खड्ड्यात वाट न मिळाल्याने ती पट्टीवरून शेजारच्या लोखंडी गेटवर गेली, असे माझे मत आहे.

वामनराव यांचा श्वास चालू नव्हता. दुर्गाबाई त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. अंगात वीज आहे, हात लावू नका, असे कोणीतरी म्हणाले. विजेचा माणसाच्या अंगात साठा राहत नाही, असे मी सांगितले व त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात केली. नोकरीला लागताना आम्हाला हे शिकवलेले आहे. प्रत्यक्ष माणसावर मी ते प्रथमच करत होते. तोपर्यंत खुशालराव पावसात धावत आले होते. त्यांनी वामनराव यांना शेणखताच्या ढिगात गळ्यापर्यंत ठेवावे, तशी रीत आहे, असे सुचवले. मी नको म्हणाले. थोड्या वेळाने खुशालराव हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, राहू द्या आता. गेले ते."

मी दुर्गाबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "तुमी दाबा."

मी दाबत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. वामनराव यांना आधी उचकी लागल्यासारखे झाले व मग श्वास आला.

मी पुढच्या खोलीतला फोन उचलला. तो बंद होता. तो बंद असणार हे मला माहीत होते, तरी मी उचलला. पाचही गावांचे फोन त्याच क्षणी गेलेले होते. दवाखान्याची गाडी बोलावण्याचा दुसरा मार्ग नव्हता. गावात त्या वेळी चारचाकी वाहन म्हणजे टँकर होता.

श्याम टँकर न्यायला तयार होता, परंतु पांधण पाहून त्याने मान हलवली. गारा व पाऊस जोरात पडून गेला होता. काळ्या मातीच्या वाटेवर पाऊस पडल्यावर भरलेली गाडी जात नाही, हे या भागात सर्वांना माहीत आहे. "काकू, टाकी निम्म्याच्या वर भरेल हाये. एवढ्या वजनानं नाल्यापाशी फसते. रिकामी असती त नेली असती," असे तो दुर्गाबाईंना म्हणाला.

दुर्गाबाई उठल्या, टँकरच्या मागे गेल्या आणि त्यांनी कॉक पूर्ण उघडला. पाणी जमिनीवर पडू लागले. बायांपैकी बऱ्याच जणींची पाळी अजून यायची होती. रिकामी भांडी व्हरांड्यात पडलेली होती. ती आणायला कोणी गेले नाही. सगळ्या जणी पाणी संपेपर्यंत तिथेच उभ्या होत्या. एक बाई दुर्गाबाईंचा पदर त्यांच्या डोक्यावर नीट करत होती.

टाकी रिकामी झाल्यावर खुशालराव व श्याम यांनी वामनराव यांना उचलून केबिनमध्ये घेतले. दुर्गाबाई व मी त्यांच्याजवळ बसलो. नाल्यापाशी चाके फसली, तेव्हा मागून चालत आलेल्या बायांनी गाडी ढकलली. तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात प्रथमोपचार करून वामनराव यांना त्याच संध्याकाळी अकोल्याला हलवण्यात आले.

वामनराव सध्या अकोल्याच्या दवाखान्यात आहेत. जिवाचा धोका टळला असे डॉक्टर सांगतात. उजवा हात मिटत नाही व एका कानाने ऐकू येत नाही. त्यांना पहिल्यांदा बोलता आले तेव्हा मी तिथे होते. त्यांनी मला विचारले, "मॅडम, गेट लागलं होतं काय?"

मी "हो" असे सांगितले. ते खरे नव्हते. हा मजकूर जबाबात घ्यायचा नसेल तर माझी हरकत नाही.

वीज पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच सावरखारीला जाऊन खड्डा उकरून पाहिला. पट्टी जागेवर होती, कुठेही कापलेली नव्हती. पत्रा शाबूत होता. वरचा ओला थर त्या दिवशीच्या पावसाचा होता. त्याखाली मीठ-कोळसा ठणठणीत कोरडा होता, हातात घेतल्यावर त्याचा भुगा झाला. बायांनी भांडी घासल्यामुळे अर्थिंग खराब झाले असे कार्यालयाच्या टिपणीत लिहिले आहे. मी पाहिलेल्या वस्तुस्थितीशी ते जुळत नाही. बाया भांडी घासत होत्या तोपर्यंत अर्थिंग चांगले होते. बायांचे येणे बंद झाल्यावर ते खराब झाले. याहून जास्त मला सांगता येत नाही.

इथे येण्यापूर्वी राठी साहेबांशी माझे बोलणे झाले. "मॅडम, नुकसान मोठं आहे. कोणाचं तरी नाव लागेल. त्याशिवाय नवीन मशीनची फाइल पुढे सरकत नाही," असे त्यांनी सांगितले. यात त्यांचा माझ्यावर किंवा त्या बायांवर राग आहे असे मला वाटले नाही. नाव दिले नाही तर माझी बदली होऊ शकते, असेही त्यांनी सांगितले. त्याचा या जबाबाशी संबंध नाही. परंतु मशीन येईपर्यंत पाच गावांचे फोन बंद राहणार आहेत आणि पेरणीचे दिवस आले आहेत, याची मला जाणीव आहे. मी हे सर्व समजून सांगत आहे.

दुर्गाबाई खोटरे किंवा अन्य कोणत्याही बाईविरुद्ध माझी तक्रार नाही. झालेली घटना आकस्मिक जळीत म्हणून नोंदवावी अशी माझी विनंती आहे. कारण विचारले असता वीज असे सांगते. वीज मनोऱ्यावर पडणारच होती. खड्डा ओला असता तर ती गेटवर गेली नसती. खड्डा कोरडा का होता ते मी वर सांगितले आहे. ज्यांनी ज्यांनी तो कोरडा राहू दिला त्यांत मीही येते, असे लिहून घ्यावे.

नवीन मशीन आल्यास खड्ड्याजवळ भिंतीच्या बाहेरच्या अंगाला भांडी घासण्याचा सिमेंटचा ओटा बांधावा व त्याचे पाणी नळीने खड्ड्यात सोडावे, म्हणजे कोणाला आत येण्याची गरज राहणार नाही, असे मी कार्यालयाला सुचवले आहे. हा विषय जबाबाचा नाही असे हवालदार साहेबांनी सांगितले. माझ्या आग्रहावरून तो घेतला आहे.

सदर दुर्गाबाई गावात मिळून आल्या नाहीत, त्यांचा सध्याचा ठावठिकाणा माहीत आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, माहीत आहे. त्या माझ्या घरी राहतात.

दवाखान्यात त्या पहिल्या दिवसापासून व्हरांड्यात फरशीवर झोपत होत्या. मी डबा नेला तर घेत नव्हत्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुमच्या मशिनीले पाणी पाहिजे होतं ना? मंग आमच्या माणसाले कावून नेऊन राहिली होती ते वीज?" ही गोष्ट मी घरी आईला सांगितली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आई स्वतः गेली. मी मागे उभी होते. आई त्यांना म्हणाली, "बाई, इथं फरशीवर कावून पडून राहता? घर हाये ना आमचं. पूल ओलांडला की आलं."

दुर्गाबाई म्हणाल्या, "तुमच्या लेकीवर मी नाराज हाओ."

"राहा ना नाराज," आई म्हणाली. "घरी येऊन राहा नाराज. इथं मच्छर चावतात."

दुर्गाबाईंनी आपली पिशवी उचलली. तेव्हापासून त्या आमच्याकडे आहेत. सकाळी दवाखान्यात जातात, रात्री झोपायला येतात. आईचे व त्यांचे चांगले जमले आहे. माझ्याशी कमी बोलतात. काल रात्री त्यांनी मला तेल्हाऱ्याला कशाला जाता असे विचारले. तुमच्याविरुद्ध तक्रार द्यायला, असे मी सांगितले. "मंग लवकर निंगा, नाईतर गाडी चुकते," असे त्या म्हणाल्या आणि आज पहाटे उठून त्यांनी मला भाकरी बांधून दिली.

त्यांना ठाण्यात हजर करायचे असल्यास आधी मला कळवावे. वामनराव यांना जेवू घालण्याची वेळ सोडून मी त्यांना घेऊन येईन.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना दोन ठिकाणी "आरोपी बाई" असे लिहिलेले आढळले. ते माझ्या सांगण्यावरून खोडून तिथे "दुर्गाबाई" असे केले आहे व खाडाखोडीवर मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, त्यात काही कमी-जास्त नाही.

सही
महेजबीन गुलाम नबी शेख